शिकवून परत पाठवलेल्या पेशी

४ जून २०२१. करोनाची दुसरी लाट नुकती ओसरू लागली होती आणि रुग्णालयांना अजून श्वास घ्यायला फुरसत नव्हती. त्या दिवशी खारघरच्या 'अ‍ॅक्ट्रेक'मध्ये, म्हणजे टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधन केंद्रातल्या बोन मॅरो ट्रान्सप्लांट विभागात, रक्ताच्या कॅन्सरच्या एका रुग्णाच्या शिरेत त्याच्या स्वतःच्याच पेशी सोडण्यात आल्या. पेशी त्याच्याच, पण मधल्या काळात त्या प्रयोगशाळेत राहून एक नवी गोष्ट शिकून आल्या होत्या. कॅन्सरची पेशी कशी ओळखायची, ही ती गोष्ट. ती शिकवणारा जनुक पवईच्या आयआयटीत घडवला होता. भारतात झालेला हा पहिला कार-टी उपचार. बातमी छापून आली आणि ऑक्सिजन, लस, बेड यांच्या बातम्यांखाली दबून गेली.

मला ही घटना आपल्या अलीकडच्या वैद्यकातल्या सर्वांत मोठ्या घटनांपैकी एक वाटते. गोळी किंवा इंजेक्शन शरीरात गेलं की ते रक्त नेईल तिकडे जातं. कुठे काम करायचं, कुठे थांबायचं, हे त्याला कळत नाही. केमोथेरपीत केस जातात, तोंड सोलवटतं, ते त्यामुळेच. जिवंत पेशीचं तसं नाही. ती फिरते, शोधते, ओळख पटली तर मारते, मारताना स्वतःच्या प्रती वाढवते आणि काम संपल्यावर त्यातल्या काही प्रती मागे पहाऱ्याला ठेवते. रोगाचं निदान आणि रोगावरचा उपचार ही दोन्ही कामं इथे एकच पेशी करते. असं औषध आपण आयात न करता इथे बनवू शकलो. ते कसं जमलं आणि जमूनही कुठे अडलं आहे, हे सांगण्यासाठी हा लेख.

आपल्या रक्तात टी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. विषाणूनं बाधलेली, बिघडलेली पेशी हुडकून तिला संपवणं हे त्यांचं काम. कॅन्सरची पेशी मात्र आपल्याच घरातली असते. ती ओळख लपवायला शिकते आणि टी-पेशी तिच्या शेजारून निघून जातात. याउलट अँटिबॉडी ठरावीक रेणूला नेमकी जाऊन चिकटते, पण तिच्यात मारण्याची ताकद बेताची. १९८९ साली इस्रायलमधल्या रेहोवोतच्या वाइझमन संस्थेत झेलिग एशहार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोघींची गाठ घालून दिली. अँटिबॉडीचं ओळखणारं टोक त्यांनी टी-पेशीच्या बाहेरच्या अंगाला जोडलं आणि त्याचा धागा पेशीच्या आतल्या यंत्रणेशी बांधला. अशा जोड-रेणूला पुढे 'कायमेरिक अँटिजेन रिसेप्टर', थोडक्यात 'कार' म्हणू लागले.

कागदावर सगळं बरोबर होतं, तरी या पेशी शरीरात टिकत नव्हत्या. ओळखत, एखाददुसरी पेशी मारत आणि थकून नाहीशा होत. बँकेचा लॉकर उघडायला दोन किल्ल्या लागतात. टी-पेशीलाही जागं होऊन वाढायला दोन इशारे लागतात, आणि पहिल्या पिढीच्या कारमध्ये एकच होता. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या सेंट ज्यूड रुग्णालयात डारिओ कँपाना यांच्या गटानं २००४ साली 'फोर-वन-बीबी' नावाचा दुसरा इशारा त्याच रेणूत बसवला. त्यानंतर पेशी टिकू लागल्या, वाढू लागल्या.

कोणाला ओळखायचं, हा प्रश्न उरला. रक्तातल्या बी-पेशींपासून जे ल्युकेमिया आणि लिम्फोमा होतात, त्यांच्या जवळपास प्रत्येक पेशीवर 'सीडी-१९' नावाची खूण असते. निरोगी बी-पेशींवरही ती असते. म्हणजे ही खूण धरून हल्ला केला तर चांगल्या बी-पेशीही जाणार. पण माणूस काही काळ बी-पेशींशिवाय जगू शकतो. त्या ज्या अँटिबॉडी बनवतात त्या बाहेरून देता येतात. यकृत किंवा हृदयाच्या बाबतीत असा सौदा करता आला नसता. कार-टीला पहिलं मोठं यश रक्ताच्या कॅन्सरमध्येच का आलं, याचं एक मुख्य कारण या सौद्यात आहे.

आणि हा जनुक टी-पेशीत न्यायचा कसा? त्यासाठी शास्त्रज्ञांनी ज्या विषाणूला हाताशी धरलं तो एचआयव्ही. टी-पेशीत शिरून तिच्या जनुकसंचात स्वतःची भर घालणं, ही त्याची खासियत. त्याच्यातला रोग करणारा, स्वतःच्या प्रती काढणारा भाग काढून टाकायचा आणि रिकाम्या कवचात कारचा जनुक भरायचा. ज्या विषाणूनं जगभर एवढी माणसं नेली, त्याच्याच कवचातून आज औषध पोचतं, हे जेव्हा जेव्हा आठवतं तेव्हा मन भरून येतं.

२०१२ च्या एप्रिलमध्ये फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयात एमिली व्हाइटहेड या सहा वर्षांच्या मुलीला अशा पेशी दिल्या गेल्या. तिचा ल्युकेमिया केमोनंतर दोनदा उलटला होता. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या कार्ल जून यांच्या गटानं त्याआधी काही प्रौढांवर हा उपचार केला होता, लहान मुलावर नाही. पेशी दिल्यावर काही दिवसांत तिला भयंकर ताप चढला, रक्तदाब कोसळला, श्वासासाठी यंत्र लावावं लागलं, ती बेशुद्ध झाली. टी-पेशी कामाला लागल्या होत्या आणि त्यांच्या आरोळ्यांनी सारं शरीर पेटलं होतं. तपासणीत 'इंटरल्युकिन-६' नावाचं एक संदेशद्रव्य प्रचंड वाढलेलं दिसलं. जून यांच्या मुलीला लहानपणापासूनचा संधिवात होता, त्यामुळे हेच द्रव्य अडवणारं टोसिलिझुमॅब हे औषध त्यांच्या माहितीतलं होतं. संधिवाताचं ते औषध एमिलीला दिलं गेलं आणि ती सावरली. एका बापाची घरची काळजी दुसऱ्याच्या मुलीच्या कामी आली. एमिली पुढे कॅन्सरमुक्त राहिली. आज जगभर जिथे जिथे कार-टी दिलं जातं, तिथे टोसिलिझुमॅब हाताशी ठेवूनच दिलं जातं.

२०१० साली याच गटानं ज्यांच्यावर उपचार केले त्यांपैकी दोघांच्या रक्तात दहा वर्षांनंतरही त्या पेशी सापडल्या. २०२२ मध्ये ते प्रसिद्ध झालं. एकदा दिलेलं औषध दशकभर रक्तात कामावर राहिलं.

३० ऑगस्ट २०१७ ला अमेरिकेत नोव्हार्टिस कंपनीच्या 'किमराया'ला परवानगी मिळाली. जगातलं पहिलं मान्यताप्राप्त कार-टी. किंमत ४ लाख ७५ हजार डॉलर, त्या वेळच्या हिशेबानं तीन कोटी रुपयांच्या आसपास. रुग्णालयाचा खर्च वेगळा.

हा आकडा परळला नेऊन पाहिला पाहिजे. टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली सुरू झालं तेव्हापासून ते देशाचं रुग्णालय आहे. बिहार, बंगाल, उत्तर प्रदेश, आसाम आणि आपल्या विदर्भ-मराठवाड्यातून माणसं गाडीनं दादर-कुर्ल्याला उतरतात आणि फाइल छातीशी धरून परळला पोचतात. जागा मिळाली तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत, नाही मिळाली तर फुटपाथवर. औषधाच्या दुकानात एकेक इंजेक्शनचा भाव विचारून परत फिरणारे नातेवाईक ज्यानं पाहिले आहेत, त्याला तीन कोटींचं औषध म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही. ते औषध त्यांच्यासाठी अस्तित्वातच नव्हतं.

राहुल पुरवार २०१३ मध्ये अमेरिकेतून परतून आयआयटी मुंबईत जीवविज्ञान आणि जैवअभियांत्रिकी विभागात रुजू झाले. त्यांचा विषय टी-पेशी. प्रयोगशाळा पवईला आणि रुग्ण परळला-खारघरला. ही दोन टोकं जोडल्याशिवाय काही होणार नाही हे ओळखून टाटाच्या डॉक्टरांशी त्यांनी काम सुरू केलं. प्रौढांच्या रक्ताच्या कॅन्सरचे हसमुख जैन, मुलांच्या कॅन्सरचे गौरव नरुला आणि त्यांचे सहकारी या कामात उतरले. आपल्याकडे इंजिनिअरिंगची संस्था आणि रुग्णालय एका प्रश्नावर इतकी वर्षं चिकाटीनं एकत्र बसल्याची उदाहरणं थोडी आहेत. माझ्या मते या यशाचं खरं मूळ त्या बसण्यात आहे.

किमरायासारख्या परदेशी कार-टीतलं ओळखणारं टोक उंदराच्या अँटिबॉडीपासून घेतलेलं आहे. माणसाच्या शरीराला ते परकं वाटू शकतं. आयआयटीच्या प्रयोगशाळेत ते टोक बदलत बदलत माणसाच्या अँटिबॉडीसारखं करण्यात आलं. अल्का द्विवेदी यांनी पीएचडीसाठी केलेलं काम याचा पाया आहे. असं टोक असलेल्या पेशी कॅन्सरला तितक्याच जोरानं मारतात, पण ज्या संदेशद्रव्यांमुळे एमिली मरणाच्या दारात गेली ती कमी सोडतात, असं प्रयोगशाळेत दिसलं. आपल्याकडे हे फार मोलाचं. आयसीयूतला प्रत्येक दिवस घरातल्या कुणाच्या तरी जमिनीचा तुकडा असतो.

दुसरं काम विषाणूच्या कवचाचं. जनुक वाहून नेणारा हा 'व्हेक्टर' बाहेरून विकत घेतला तर सगळा हिशेब तिथेच कोसळतो. उपचाराच्या किमतीतला मोठा वाटा त्याचा असतो. तोही इथेच बनवायचा ठरला. केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग आणि त्याची 'बायरॅक' ही संस्था यांच्या राष्ट्रीय बायोफार्मा मिशननं टाटा-आयआयटीच्या पहिल्या मानवी चाचणीसाठी १९.१५ कोटी रुपये मंजूर केले. पेशी बनवण्यासाठी पुरवार आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २०१८ मध्ये 'इम्युनोअ‍ॅक्ट' ही कंपनी आयआयटीच्या आवारातच सुरू केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी या उपचाराला 'नेक्सकार-१९' या नावानं मान्यता दिली, १५ वर्षांवरच्या रुग्णांमधल्या आणि इतर उपचारांना दाद न देणाऱ्या बी-पेशींच्या ल्युकेमिया-लिम्फोमासाठी. ४ एप्रिल २०२४ ला राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी आयआयटी मुंबईत येऊन ते देशाला अर्पण केलं.

इथे थोडं मागे जायला हवं, कारण मुंबईत पेशी वाढवण्याचं काम काही पवईत सुरू झालेलं नाही. अ‍ॅक्ट्रेक खारघरला गेलं या शतकाच्या सुरुवातीला. त्याचं मूळ परळचं. वसंत रामजी खानोलकर या मराठी विकृतिशास्त्रज्ञांनी १९५२ साली तिथे इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटर उभं केलं. त्यांच्या हाताखाली पीएचडी केलेल्या पुण्याच्या कमल रणदिवे बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्याकडे शिकायला गेल्या. हे तेच गाय, ज्यांच्या प्रयोगशाळेत माणसाच्या कॅन्सरच्या पेशी पहिल्यांदा शरीराबाहेर अखंड वाढत राहिल्या. पेशींना काचेच्या भांड्यात जगवण्याची विद्या शिकून रणदिवे परतल्या आणि त्यांनी परळला देशातली पहिली टिश्यू कल्चर प्रयोगशाळा उभारली. पेशी तापमानाला, अन्नाला, एका जिवाणूच्या शिरकावाला फार हळव्या असतात. त्यांना त्या काळच्या मुंबईत, तिथल्या विजेत आणि दमट हवेत सांभाळणं म्हणजे काय असेल! निवृत्तीनंतर या बाईंनी ग्रामीण महाराष्ट्रातल्या स्त्रियांना आरोग्याचं काम शिकवलं. अ‍ॅक्ट्रेकमध्ये २०२१ साली जे घडलं, त्याला सत्तर वर्षांचं हे घराणं आहे. एवढ्या पिढ्या हात न बसता एखादी विद्या एकाएकी उभी राहत नाही.

आता उपचार प्रत्यक्ष कसा होतो ते पाहू.

आधी रुग्णाच्या एका शिरेतून रक्त बाहेर काढून यंत्रातून फिरवतात. यंत्र पांढऱ्या पेशी वेगळ्या करतं आणि बाकीचं रक्त परत देतं. यात तीन-चार तास जातात. पिशवीवर नाव आणि क्रमांक. यापुढे या पिशवीची जगातल्या कुठल्याही दुसऱ्या पिशवीशी अदलाबदल चालणार नाही. पॅरासिटामॉलच्या कारखान्यात एका घाण्यात लाखो गोळ्या निघतात. इथे एक घाणा म्हणजे एक माणूस. कारखान्यात पेशींना जागं करतात, व्हेक्टरशी त्यांची भेट घालतात, मग आठवडाभराहून जास्त काळ त्यांना वाढवतात. त्यानंतर तपासण्या. जंतू नाहीत ना, पेशी जिवंत किती, जनुक किती पेशींत बसला. सगळं ठीक निघालं तरच पेशी गोठवून रुग्णालयाकडे निघतात.

या दिवसांत रुग्ण वाट पाहत असतो आणि कॅन्सर वाट पाहत नाही. काहींना मधे केमो देऊन आजार रोखून धरावा लागतो. काहींच्या टी-पेशी आधीच्या उपचारांनी इतक्या खंगलेल्या असतात की त्या वाढतच नाहीत. जगभरच्या आकडेवारीत हे रुग्ण 'उपचार मिळालेले' या रकान्यात येत नाहीत, पण त्यांच्या घरच्यांनी ती वाट पाहिलेली असते.

पेशी यायच्या आधी तीन दिवस फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही दोन औषधं देऊन शरीरातल्या जुन्या टी-पेशी कमी करतात, म्हणजे नव्या पेशींना जागा आणि खुराक मिळतो. मग ती छोटी पिशवी. ती शिरेत रिकामी व्हायला काही मिनिटं पुरतात. महिनाभर जिची वाट पाहिली ती गोष्ट अशी झटकन होऊन जाते. खरा काळ पुढचे दोन आठवडे. ताप येतो, आणि डॉक्टरांना त्याची भीती वाटते तशी आशाही वाटते, कारण ताप म्हणजे पेशींनी कॅन्सर ओळखल्याची खूणही असू शकते. रक्तदाब, ऑक्सिजन, रक्तातली द्रव्यं यांवर रात्रंदिवस नजर.

या काळात मेंदूवर परिणाम होतोय का, हे पाहण्याची पद्धत मला फार हलवून गेली. दिवसातून अनेकदा रुग्णाला विचारतात: वर्ष कोणतं, महिना कोणता, शहर कोणतं, हे हॉस्पिटल कोणतं. तीन वस्तूंची नावं सांगा. डोळे मिटा. शंभरापासून दहा-दहानं उलटं मोजा. आणि रोज तेच एक वाक्य कागदावर लिहा. अक्षर डगमगलं, ओळ वाकडी गेली, शब्द गळला, की डॉक्टर सावध होतात. कधी कधी रुग्णाचं बोलणं बिघडायच्या आधी अक्षर बिघडतं. जनुक बदललेल्या पेशींच्या या उपचाराची राखण अशी कागद-पेनावर चालते. आणि आपल्या देशात ज्या बाईनं आयुष्यात कधी पेन धरलं नाही, तिच्यासाठी ही परीक्षा तिच्याजवळ बसून, तिच्या बोलीत, तिला रोज येणाऱ्या कामांवरून घ्यावी लागणार. हे करणारी नर्स हीसुद्धा या औषधाचाच भाग आहे.

नेक्सकार-१९ च्या चाचण्यांचे निष्कर्ष मार्च २०२५ मध्ये 'लॅन्सेट हिमॅटॉलॉजी'त आले. ६४ रुग्ण. सगळे असे, ज्यांचा आजार उलटलेला किंवा कशालाच दाद न देणारा. ज्या ५१ जणांमध्ये परिणाम मोजता आला, त्यांपैकी ३७ जणांचा, म्हणजे ७३ टक्क्यांचा आजार मागे हटला. परदेशी उत्पादनांच्या रांगेत बसेल असा हा आकडा आहे. उपचारामुळे दोघांचा मृत्यूही झाला. बहुतेकांच्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरल्या आणि जंतुसंसर्गाशी लढावं लागलं. शिवाय मागे हटलेला आजार पुन्हा उलटू शकतो. कॅन्सरची पेशी कधी कधी सीडी-१९ ची खूणच टाकून देते आणि शिकवलेली टी-पेशी तिला ओळखू शकत नाही. ७३ टक्के बरे झाले असं जे काही ठिकाणी छापलं गेलं, ते म्हणूनच बरोबर नाही. आजार मागे हटणं आणि तो कायमचा जाणं यांच्यात वर्षांचं अंतर आहे, आणि हे अंतर वाचकाला स्पष्ट सांगणं हे लिहिणाऱ्याचं काम आहे.

मग हेच तोंडाच्या, स्तनाच्या, गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठी का करत नाहीत? टाटाच्या ओपीडीतली गर्दी तर याच कॅन्सरची आहे. तंबाखू-गुटख्यानं जबडा गमावलेली तिशी-चाळिशीतली माणसं तिथे रोज दिसतात. त्यांच्यासाठी आजच्या कार-टीत काही नाही, आणि याचं कारण ओळखण्यातच आहे.

२०१० मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेच्या स्टीव्हन रोझेनबर्ग यांच्या गटानं मोठ्या आतड्याचा कॅन्सर पसरलेल्या एका रुग्णाचा अनुभव प्रसिद्ध केला. त्या गाठींवर 'हर-२' नावाची खूण होती, तीच धरून पेशी तयार केल्या होत्या. पेशी दिल्यावर पंधरा मिनिटांत श्वास अडखळला आणि पाच दिवसांनी मृत्यू झाला. तीच खूण फुप्फुसाच्या निरोगी पेशींवर अगदी थोड्या प्रमाणात होती, आणि पेशींना तेवढी पुरली. रक्तातल्या बी-पेशी गमावून जगता येतं. फुप्फुस गमावून येत नाही.

म्हणून आता पेशींना एकाऐवजी दोन खुणा तपासायला शिकवण्याचं काम चालू आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेत वेंडेल लिम यांच्या गटानं २०१६ मध्ये 'सिननॉच' नावाचा रिसेप्टर दाखवला. पहिली खूण पटली की पेशी मारत नाही, फक्त कारचा जनुक चालू करते. दुसरी खूणही पटली तर मग हल्ला. उंदरांमध्ये अशा पेशींनी दोन्ही खुणा असलेली गाठ संपवली आणि एकच खूण असलेल्या पेशींना सोडून दिलं.

ओळखण्याचं काम जिवाणूंनाही शिकवता येतं. अल्फ्रेड निसल या जर्मन डॉक्टरनं पहिल्या महायुद्धात, सोबतचे सैनिक हगवणीनं आजारी पडत असताना धडधाकट राहिलेल्या एका सैनिकाच्या विष्ठेतून ई. कोलायचा एक निरुपद्रवी वाण वेगळा केला. २०१५ मध्ये अमेरिकी संशोधकांनी तोच वाण बदलून उंदरांना खाऊ घातला. यकृतात पसरलेल्या गाठींमध्ये तो जाऊन वाढला आणि लघवीच्या तपासणीत खूण देऊ लागला. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतल्या एका गटानं, आसपासचा डीएनए उचलून स्वतःत घेणारा दुसरा एक जिवाणू वापरून, उंदराच्या आतड्यातल्या गाठीचा बदललेला जनुक पकडला. हे सगळं अजून उंदरांपुरतं. जिवाणूला औषध म्हणून माणसांत नेण्याची वाट खडतर आहे. फिनाइलकीटोन्युरिया या आनुवंशिक आजारासाठी निसलचाच वाण बदलून केलेली मोठी चाचणी २०२४ मध्ये परिणाम दिसेना म्हणून मध्येच थांबवावी लागली.

पण मला जास्त काळजी वाटते ती विज्ञानाबाहेरच्या गोष्टीची. नेक्सकार-१९ ची किंमत सुरुवातीला ३० ते ४० लाखांच्या घरात होती. अमेरिकेच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. जगानं त्याची दखल घेतली आणि ती घ्यायलाच हवी होती. २०२५ च्या जानेवारीत बेंगळुरूच्या 'इम्युनील'चं दुसरं भारतीय कार-टी आलं, त्यामुळे स्पर्धाही सुरू झाली. तरी आयुष्मान भारत आणि आपली महात्मा फुले जन आरोग्य योजना यांचं कवच कुटुंबाला वर्षाला ५ लाखांचं आहे. ५ आणि ३० यांच्यामधल्या खाईत शेतकऱ्याची जमीन, बायकोचे दागिने, गावातली वर्गणी आणि धर्मादाय न्यासांना लिहिलेली पत्रं पडतात. गाडगेबाबांच्या नावाची दादरची धर्मशाळा आहे ती गरिबाला मुंबईत डोकं टेकायला जागा हवी म्हणून. आज त्याच मुंबईत उपचार आहे आणि धर्मशाळेच्या दारातल्या माणसाला तो घेता येत नाही, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. तीन कोटींचं तीस लाख करणं हे शास्त्रज्ञांनी करून दाखवलं. तिसाचं शून्य करणं त्यांच्या हातात नाही. ते सरकारनं, विम्यानं आणि न्यासांनी मिळून करायचं आहे.

याची निकड आणखी एका कारणानं वाढली आहे. जर्मनीत एर्लांगेनच्या विद्यापीठ रुग्णालयात गेओर्ग शेट यांच्या गटानं सीडी-१९ ओळखणारं असंच कार-टी 'ल्युपस' या आजाराला लावलं. यात शरीराच्या बी-पेशी स्वतःवरच उलटतात. आजारी बहुतेक तरुण स्त्रिया. २०२२ मध्ये त्यांनी पाच रुग्णांचा अहवाल दिला. पाचही जण बाकीची सगळी औषधं सोडून आजारमुक्त होते, आणि पुन्हा उगवलेल्या बी-पेशी नव्या, निर्दोष होत्या. हे मोठ्या चाचण्यांत टिकलं तर गरजूंची संख्या कैक पटींनी वाढेल.

आणि सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार. गडचिरोली आणि बाकीचा विदर्भ, नंदुरबार, पालघरचे पाडे. रुग्णाच्या मूळपेशी बाहेर काढून, त्यांचा जनुक दुरुस्त करून परत देणाऱ्या 'कॅसजेव्ही' उपचाराला २०२३ मध्ये आधी ब्रिटनमध्ये, मग अमेरिकेत मान्यता मिळाली. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर. दिल्लीच्या 'आयजीआयबी' संस्थेतल्या देबोज्योती चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी स्वतःचं क्रिस्पर तंत्र विकसित करून सिकलसेलसाठी 'बिरसा १०१' तयार केलं आणि ते पुढे नेण्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवलं. नाव बिरसा मुंडांचं आहे, कारण हा आजार आपल्याकडे सर्वांत जास्त आदिवासी समाजात आहे. त्याची मानवी चाचणीची वाट अजून चालायची आहे. पण या उपचारातही मूळपेशी काढण्याची, अस्थिमज्जा रिकामी करण्याची आणि आठवडेच्या आठवडे निर्जंतुक खोलीत राहण्याची गरज आहेच. नंदुरबारमधल्या धडगावच्या मुलाला त्यासाठी मुंबई-पुण्याला आणून कुठे ठेवायचं, त्याच्या आईची बुडालेली मजुरी कुणी भरून द्यायची आणि महिनाभर जेवण-खोलीचा खर्च कुणी करायचा, याचं उत्तर चाचणी सुरू व्हायच्या आधी तयार असायला हवं.

एक वाट अशी आहे की जिच्यात कारखानाच लागणार नाही. व्हेक्टर किंवा चरबीच्या सूक्ष्म थेंबात गुंडाळलेला संदेश थेट शिरेत द्यायचा आणि टी-पेशींना शरीरातच शिकवायचं. २०२५ मध्ये चीनमधल्या डॉक्टरांनी मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरच्या चार रुग्णांवर असा पहिला प्रयत्न केल्याचं 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालं. यात प्रत्येक माणसासाठी वेगळा घाणा काढावा लागत नाही. औषध बाटलीत भरून ठेवता येतं, लसीसारखं वाहून नेता येतं. हे जमलं तर कार-टी नागपूरच्या, छत्रपती संभाजीनगरच्या, कदाचित जिल्ह्याच्या रुग्णालयात देता येईल. लस बनवण्यात आणि स्वस्तात बनवण्यात हा देश, आणि त्यातही पुणं, जगात पुढे आहे. पवईला, परळला, खारघरला आणि पुण्याला आज जे लोक वेगवेगळ्या इमारतींत काम करताहेत, त्यांनी याच प्रश्नावर पुन्हा एकदा एका टेबलाभोवती बसावं आणि त्या टेबलावर राज्याच्या आरोग्य खात्याचीही एक खुर्ची पहिल्या दिवसापासून असावी.